लिफ्टवाला आणि नर्सरीतली सिस्टर

लिफ्टवाल्याला लिफ्टशी बोलायची खोड होती. मशीन रूमचं दार उघडलं की तो आधी विचारायचा, "काय गं, कुठं दुखतंय?" आणि मग मान तिरकी करून ऐकत उभा राहायचा. त्याचा जोडीदार अंगानं काडीसारखा होता, म्हणून अख्खी कंपनी त्याला पैलवान म्हणायची. लिफ्टवाला असा बोलायला लागला की पैलवान खाली मान घालून हसायचा. पण दहा मिनिटांत लिफ्टवाला बरोबर सांगायचा, ब्रेकचं लायनिंग झिजलंय, नाहीतर चौथ्या मजल्याच्या दाराचं लॉक धरत नाहीये. अठरा वर्षं त्यानं हेच केलं. ज्या इमारतींत तो जायचा तिथल्या म्हाताऱ्या माणसांना त्याचा फार आधार वाटायचा. एक निवृत्त मुख्याध्यापिका तर तो आल्याशिवाय लिफ्टमध्ये पायच ठेवायची नाही.

मग एका दुपारी लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात उतरताना शिडीची पायरी तुटली आणि तो पाठीवर पडला. मणका मोडला. ऑपरेशन झालं, दोन सळया बसल्या, आणि घरी येताना दुखण्याच्या गोळ्यांची पिशवी हातात आली.

पहिल्या गोळीनं दुखणं थांबलं. पण नुसतं तेवढंच असतं तर ही गोष्ट सांगावी लागली नसती. त्या गोळीनं त्याला आपण फार चांगला माणूस आहोत असं वाटलं. सगळ्यांवर माया दाटून आली. बायकोवर, पोरीवर, वरच्या मजल्यावर खुर्च्या ओढणाऱ्या शेजाऱ्यावरसुद्धा. कुणाला नको असेल असं वाटणं?

तीन महिन्यांनी पाठ बरी झाली, गोळी सुटली नाही. एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. एका डॉक्टरनं नाही म्हटलं की दुसरा, दुसऱ्यानं नाही म्हटलं की गावाच्या दुसऱ्या टोकाचा. माया केव्हाच आटली होती. आता गोळी घेतली तर तो जेमतेम माणसात असायचा, आणि नाही घेतली तर तेही नाही. घरी उशीर झाला की एकच सबब ठरलेली होती, "लिफ्टमध्ये अडकलो." त्याची पोरगी अकरा वर्षांची होती. ती एकदा वहीतून डोकं वर काढून म्हणाली, "बाबा, तू एवढ्या वेळा अडकतोस, तर लोक तुलाच का बोलावतात?"

तो हसला. बायको हसली नाही.

असं चार वर्षं चाललं. मग एका मंगळवारी, भर सकाळी अकरा वाजता, पैलवान लिफ्टच्या टपावर उभा राहून दोर तपासत होता आणि लिफ्टवाला वर मशीन रूममध्ये स्टुलावर बसला होता. मेन स्विच बंद ठेवून बसायचं, एवढंच त्याचं काम. बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला. दचकून जागा झाला तेव्हा त्याला वाटलं, पैलवाननं "चालू कर" म्हटलंय. त्यानं स्विच वर केला. लिफ्ट हातभर उचलली गेली. पैलवाननं टपावरचं थांबायचं बटण दाबलं तेव्हा त्याचं हेल्मेट वरच्या तुळईला घासलं होतं.

पैलवान जिने चढून वर आला. चढताना त्यानं मनात शिव्यांची मोळी बांधली असणार. पण वर येऊन तो नुसताच समोर जमिनीवर बसला. 

"किती घेतोस?" त्यानं विचारलं.

"काय?"

"मी काडी आहे, आंधळा नाही. किती?"

"दिवसाला चौदा."

"म्हणजे मी खाली उभा असतो तेव्हा रोज?"

लिफ्टवाल्यानं कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला आणि त्याच्यासमोर ठेवला. "साहेबांना मीच सांगतो. तू फक्त बरोबर ये."

साहेबांनी ऐकून घेतलं. कामावरून काढलं नाही, पण लिफ्टच्या खड्ड्यात आणि टपावर बरा होईपर्यंत पाऊल टाकायचं नाही, असं सांगितलं. मग तो बायकोच्या दुकानात गेला. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. गिऱ्हाईक उठेपर्यंत तो दाराशी थांबला आणि मग त्या तपासायच्या खुर्चीतच बसून त्यानं तिला सगळं सांगितलं.

"माहीत होतं," ती म्हणाली. "दोन वर्षं तुझ्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्यात. मी दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघते आणि घरी आले की तुझ्याकडे बघायचं टाळते."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तू खोटं बोलला असतास. आणि मला ते खरं मानावं लागलं असतं."

 पण माणसाचा स्वभाव बघा. इतकं सगळं कबूल करूनही घरी जाताना तो म्हणाला, "डॉक्टरबिक्टर नको. दोन दिवस अंग दुखेल, मग झालं. फ्लू समज."

त्याचे दोन दिवस हाल हाल झाले. नाकाडोळ्यांतून धार, जांभयांवर जांभया, पोटात कळा, पायांत मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखं. तिसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममधून गोळ्यांचं पाकीट चुरचुरल्याचा आवाज बायकोनं ऐकला. आरशामागे त्यानं एक पाकीट ठेवलंच होतं. तो बाहेर आला तेव्हा ती चपला घालून उभी होती. ती चिडली नाही, रडली नाही. "चल," एवढंच म्हणाली.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई बोलायला साध्या होत्या. "ह्यात तुमच्या मनाचा कच्चेपणा शोधत बसू नका," त्या म्हणाल्या. "तुमच्या शरीरानं आपलं काम ह्या गोळीवर टाकून दिलंय. ते त्याला परत शिकवायला वेळ लागतो. जिभेखाली ठेवायचं एक औषध आहे, त्यानं तुम्ही सावराल. पण आधीच्या गोळ्या अंगातून पुरेशा उतरल्याशिवाय ते देता येत नाही. लवकर दिलं तर त्रास दुप्पट होतो."

"म्हणजे आधी आजारी पडायचं?"

"हो. पण इथं. आणि एकट्यानं नाही."

एकट्यानं नाही म्हणजे काय, ते दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता कळलं. खोलीत एक बुटकी बाई आली. वय अठ्ठावन्न, नखांत माती, काखेत प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा गठ्ठा. तिनं खुर्ची ओढली आणि पाय न टेकता बसली, कारण ते टेकतच नव्हते.

"मला सिस्टर म्हणतात," ती म्हणाली. "आता सिस्टर नाहीये मी. आधी नर्स होते, आता नर्सरीत आहे, रोपं विकते. एक अक्षर वाढलं आणि पगार निम्मा झाला."

लिफ्टवाल्याला हसायचं नव्हतं. त्याला कुणी नको होतं. "तुम्ही जा," तो म्हणाला. "तुम्हाला काय कळणार माझं?"

"नाक गळतंय. जांभई आवरत नाहीये. अंगावर काटा आलाय, आणि पाय भिंतीवर आपटावेसे वाटतायत. अजून तासाभरानं पोट बोलायला लागेल. मोरी डावीकडे आहे. कडी लावू नका."

"का?"

"मी लावली होती. मग सुतार बोलवावा लागला."

 सिस्टरनं पट्ट्यांचा गठ्ठा पलंगावर ठेवला आणि त्याच्या हातात पेन दिलं. नर्सरीतल्या रोपांपाशी खोचायच्या पट्ट्या होत्या त्या. "टोमॅटो लिहा. पन्नास पाहिजेत. उद्या गाडी येणार आहे."

"माझा हात बघताय ना?"

"झाडं वाचत नाहीत. लिहा."

त्यानं लिहिलं. सिस्टरनं पट्टी दूर धरून बघितली. "हा टोमॅटो आहे की भूकंप?"

आणि त्या तसल्या हालात, नाक पुसता पुसता, लिफ्टवाला फिसकन हसला. मग धावत मोरीत गेला. परत आला तेव्हा तिनं पाण्यात मीठ-साखर ढवळून ठेवलं होतं.

दुपारी एकच्या सुमाराला त्याला वाटलं, आता मरतो. तो चपला शोधायला लागला. "मला घरी जायचंय. तुम्ही काय अडवणार मला?"

"मी अडवत नाही. तुमच्या खांद्याला माझं डोकं लागतं. दार उघडंच आहे," सिस्टर म्हणाली. "फक्त जायच्या आधी एक ऐका. नंतर जा."

तो पलंगाच्या कडेला एका पायात चप्पल घालून बसला.

"माझ्या वॉर्डात एक आजोबा होते. खुब्याचं ऑपरेशन झालेलं. त्यांना दोन गोळ्या द्यायच्या होत्या. मी एक दिली आणि एक माझ्या खिशात टाकली. असं पाच दिवस. ते मला म्हणायचे, सिस्टर, आज जरा जास्त दुखतंय हो. आणि मी त्यांची उशी नीट करायची." ती थांबली. "नोकरी गेली, लायसन्स गेलं, भावानं दार लावून घेतलं, ते सगळं बरोबरच झालं. नऊ वर्षं झाली मला सोडून. पण त्यांचं नाव मला पाठ आहे. तुम्हाला सांगणार नाही, ते त्यांचं आहे. मी एवढंच सांगते की हे असं सगळं करून झालेला माणूससुद्धा जगतो. मी जगतेय, रोपं विकतेय."

 लिफ्टवाला जमिनीकडे बघत म्हणाला, "माझा जोडीदार टपावर उभा होता." आणि हेल्मेटपासून सुरुवात करून पार पोरीच्या त्या प्रश्नापर्यंत सगळं त्यानं सांगितलं. सांगताना मध्ये दोनदा मोरीत जाऊन आला. सिस्टर ऐकत होती आणि टोमॅटो लिहीत होती.

चार वाजता डॉक्टरीणबाई आल्या, नाडी बघितली, डोळे बघितले, म्हणाल्या, "आता." औषध जिभेखाली विरघळायला दहा मिनिटं लागली. तासाभरानं पायांतल्या मुंग्या एक एक करून निघून गेल्यासारख्या झाल्या. त्याला झोप लागली तेव्हा एका पायात चप्पल तशीच होती. ती सिस्टरनं काढली.

दहा दिवसांनी तो घरी आला. खरं तर अवघड काम तिथून पुढं होतं. रोजचं औषध बायकोकडे असायचं, ती कामावर निघायच्या आधी त्याला द्यायची आणि विरघळेपर्यंत समोर बसायची. कंपनीत तो बाकावर बसून दारांची जुनी लॉक दुरुस्त करायचा. बावीस वर्षं मुरलेला मेकॅनिक, आणि समोर तेलाचं भांडं आणि स्प्रिंगा. खालमानेनं बसायचा. पाठ दुखायची, कारण आता ते दुखणं झाकायला गोळी नव्हती. व्यायाम शिकवणारी बाई त्याला रोज भिंतीला पाठ लावून उठबशा काढायला लावायची.

आठवड्यातून दोनदा संध्याकाळी व्यसन सोडणाऱ्यांची बैठक असायची. ती भरायची वाचनालयात, लहान मुलांच्या खोलीत, कारण सहानंतर तीच रिकामी असायची. खुर्च्या गुडघ्याएवढ्या. बॅडमिंटनचा एक सहा फुटी कोच हनुवटीला गुडघे लावून बसायचा. एकटी सिस्टरच तेवढी मापात बसायची. सल्ला द्यायचा नाही, आपापलं सांगायचं, एवढा एकच नियम. पहिले पाच आठवडे लिफ्टवाल्यानं तोंड उघडलं नाही. सहाव्या आठवड्यात तो म्हणाला, "मी घरी खोटं सांगायचो, की लिफ्टमध्ये अडकलो. मी लिफ्टचा मेकॅनिक आहे."

सगळी खोली हसत सुटली. कोच खुर्चीवरून घसरला. लिफ्टवाल्याला आश्चर्य वाटलं, की ह्या हसण्यानं काही टोचलं नाही. ते सगळे आपापल्या सबबींना हसत होते.

सिस्टरचा रोज दुपारी एकला फोन यायचा. "जेवलास का?" दवाखान्यातून निघाल्यावर ती अरेतुरेवर आली होती.

"आज दिवस वाईट आहे, सिस्टर."

"कसा वाईट? नुसता रडका, की पाय औषधाच्या दुकानाकडे वळणारा?"

"रडका."

"मग जेव आणि रड. संध्याकाळी भेटू."

बायकोला ह्या फोनचा राग यायचा. एकदा तिनं बोलून दाखवलं. "त्या बाईला सगळं सांगतोस. मला हवापाणी सांगतोस."

"तिला सांगताना तिला दुखत नाही."

"मला दुखू दे की. तुझ्या गोळ्यांनी माझंही दुखणं बंद करायचं ठरवलं होतंस का?"

त्यावर त्यानं तिला एकच गोष्ट सांगितली, की तिच्या आईच्या आजारपणात त्यानं त्यांच्या कपाटातून गोळ्या काढल्या होत्या. ती उठून गॅलरीत गेली. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी औषध देताना म्हणाली, "उद्या पुढचं सांग. एका वेळी एकच."

चौथ्या महिन्यात एका बुधवारी एक वाजला आणि फोन आला नाही. सव्वा वाजला, दीड वाजला. लिफ्टवाल्यानं फोन केला तर कुणी उचलेना. त्याचं हातातलं लॉक बाकावरच राहिलं. नर्सरीच्या मालकानं सांगितलं, ओल्या फरशीवरून घसरली, मनगट मोडलंय, घरी आहे.

सिस्टरची तळमजल्यावर एक खोली होती, निम्मी कुंड्यांनी भरलेली. हात गळ्यात, चेहरा पांढराफटक, आणि ती खिडकीशी बसून होती. उद्या ऑपरेशन, मनगटात पिना घालायच्या होत्या.

"मी दुखण्याचं काही घेणार नाही," ती म्हणाली. "सांगून टाकणार आहे त्यांना, द्यायचं नाही म्हणून."

"का नाही घ्यायचं, हे सांगितलंत?"

सिस्टरनं जवळच्या कुंडीतलं एक पिकलं पान तोडलं.

"सिस्टर, मोडलेल्या हाडात पिना घालतात, तेव्हा काय होतं हे तुम्ही मला सांगायचं की मी तुम्हाला?"

"मला भीती वाटते रे," ती म्हणाली. नऊ वर्षांत तिनं हे बैठकीतही म्हटलं नसावं.

दोघं रिक्षानं डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला तिथल्या तिथे फोन लावला. ठरलं असं, की आधी साधी औषधं, अगदीच गरज पडेल तिथे तीच जुनी गोळी, मोजून पाच दिवस, आणि गोळ्या दुसऱ्या कुणाच्या तरी हातात.

सिस्टरनं लिफ्टवाल्याकडे बघितलं. त्यानं मान हलवली. "माझ्या हातात नको. मला त्या पाकिटाच्या आसपाससुद्धा राहायचं नाही अजून." ते म्हणताना त्याला लाज वाटली, पण तो म्हणाला.

घरी जाऊन त्यानं बायकोला सांगितलं. तिनं सिस्टरला अजून एकदाही बघितलं नव्हतं. ती गालिचा झाडत होती, झाडत राहिली. मग म्हणाली, "इकडेच आण. मी दुपारी घरी येऊन जाईन. पाकीट माझ्या पर्समध्ये राहील आणि पर्स माझ्याबरोबर."

ऑपरेशननंतर सिस्टर पाच दिवस त्यांच्याकडे राहिली. तिच्यासारखी वाईट पेशंट शोधून सापडली नसती. उशी उंच झाली, सूप पातळ झालं, खिडकीतल्या कुंडीला पाणी जास्त झालं. आयुष्यभर दुसऱ्यांची अंथरुणं नीट केलेल्या बाईला स्वतः अंथरुणात पडता येत नव्हतं. बायको दर वेळी गोळी देण्याआधी छोटा टॉर्च घेऊन तिचे डोळे बघायची. "वर बघा. उजेडाकडे." सिस्टर मुकाट्यानं बघायची. बायकोपुढे तिचं काही चालत नसे, ह्याची लिफ्टवाल्याला मनातून फार मजा वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र सिस्टरनं एक गोळी लवकर मागितली. आधी साधेपणानं, मग गोड बोलून, मग चिडून. बायको पर्स घट्ट धरून उभी राहिली आणि तिनं आत हाक मारली. लिफ्टवाला आला. बायकोला त्यानं बाहेर जायला सांगितलं, आणि खुर्ची ओढून बसला.

"अठ्ठावन्न वर्षांची बाई," सिस्टर रडत म्हणाली. "नऊ वर्षं. आणि बघ, एका दिवसात कशी गोड बोलायला लागले. मला माझा तो आवाज ओळखू आला."

"मलाही आला. माझाही तसाच होता," तो म्हणाला. "नाक गळतंय?"

"नाही."

"पाय झाडावेसे वाटतायत?"

"नाही. हात ठणकतोय."

"मग हात मोडलाय म्हणून ठणकतोय. पाऊण तासानं गोळीची वेळ आहे. मी इथंच आहे."

पाऊण तास तो बसला. सांगण्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्यानं तिला लिफ्टच्या दाराचं लॉक कसं चालतं ते समजावून सांगितलं, आकड्यापासून स्प्रिंगेपर्यंत. तिनं नंतर सगळ्यांना सांगितलं, की दुखण्यापेक्षा ते जास्त सोसवेना.

चौथ्या दिवशी सिस्टर म्हणाली, साध्या औषधावर भागतंय. उरलेल्या गोळ्या परत करायला बायको आणि ती दोघी मिळून औषधाच्या दुकानात गेल्या. जाताना बायकोनं तिचा धड हात धरला होता. परत आल्या त्या जिन्यापासून हसत. लिफ्टवाल्यानं विचारलं, काय झालं. दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि काही सांगितलं नाही. त्यांचं हसू आपल्यावरच बेतलेलं आहे ह्याबद्दल त्याला शंका राहिली नाही.

अजून तो रोज जिभेखालचं औषध घेतो. किती दिवस, हे डॉक्टरीणबाई ठरवतील. त्यांना घाई नाही आणि आता त्यालाही नाही. सातव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी लेखी दिल्यावर साहेबांनी त्याला परत लिफ्टवर घेतलं. पहिल्या दिवशी टपावर तो उभा होता आणि स्विचपाशी पैलवान. काम झाल्यावर पैलवान म्हणाला, "आता बरं वाटलं. सात महिने मला झोपेत तुळई दिसत होती," आणि डबा उघडून अर्धा पाव त्याला दिला.

सिस्टर दर रविवारी जेवायला येते. हात बरा आहे, थंडीत थोडा ठणकतो. बायको कुंड्यांना पाणी फार घालते ह्यावरून दोघींचं वाजतं. पाच दिवस नुसतं 'अहो' म्हणून भागवलेल्या पोरीनं पहिल्या रविवारी तिला विचारलं होतं, "मी तुम्हाला काय म्हणू?"

"सगळे सिस्टर म्हणतात. तूही म्हण."

"पण तुम्ही बाबाच्या सिस्टर," पोरगी विचार करत म्हणाली. "म्हणजे माझी आत्याच झालात."

सिस्टरनं ताटातल्या भाताकडे बघितलं, डाव्या हातानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाली, "आत्याला आधी वाढायचं असतं. आण ती वाटी इकडे."